ट्रॅकवरचा पहिला शनिवार-रविवार : शिकायला येणाऱ्यांसाठी, आणि पुढे शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी

अमेरिकेत हौशी चालकांसाठी बंद ट्रॅकवर शनिवार-रविवारी जे वर्ग भरतात, त्यांना ‘हाय परफॉर्मन्स ड्रायव्हर एज्युकेशन’ किंवा थोडक्यात ‘एचपीडीई’ म्हणतात. न्यू जर्सी, व्हर्जिनिया, कॅलिफोर्निया अशा राज्यांत राहणारी अनेक मराठी मंडळी चांगल्या गाड्या बाळगून आहेत. त्या गाडीची खरी क्षमता रस्त्यावर आजमावता येत नाही आणि आजमावूही नये, हे त्यांना पुरते ठाऊक असते. अशांसाठी हा मार्ग आहे. येथे शर्यत नसते, वेळ मोजली जात नाही आणि बक्षीसही नसते. स्वतःची रोजची गाडी घेऊन यायचे, शेजारच्या आसनावर अनुभवी प्रशिक्षकाला बसवायचे आणि दिवसातून चार-पाच वेळा वीस ते तीस मिनिटे गाडी चालवायची, असे त्याचे साधे स्वरूप आहे.

मी अशा वर्गांत आधी विद्यार्थी म्हणून गेलो आणि आता स्वतः गाडी चालवता चालवता नवशिक्यांना शिकवतो. दोन्ही आसनांवरून जे दिसले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की पहिला शनिवार-रविवार हा नजरेच्या शिक्षणाचा असतो. नवख्या चालकाच्या चुकीचे कारण कमी वेग हे नसते. जिथे बघायला हवे तिथे उशिरा बघितल्यामुळे तो चुकतो. पुढची तयारी सांगताना हीच गोष्ट डोळ्यांपुढे ठेवली आहे.

वर्ग आणि ट्रॅक निवडताना

हे वर्ग मुख्यतः क्लब भरवतात. १९५५ साली स्थापन झालेला पोर्शे क्लब ऑफ अमेरिका आणि १९६९ साली बॉस्टनमध्ये सुरू झालेला बीएमडब्ल्यू कार क्लब ऑफ अमेरिका यांच्या प्रादेशिक शाखा वर्षभर असे कार्यक्रम घेतात आणि त्यांतल्या बऱ्याच शाखा इतर कंपन्यांच्या गाड्यांनाही प्रवेश देतात. नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन ही संस्था चालकांना एकपासून चारपर्यंतच्या पायऱ्यांत विभागते. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाचा ‘ट्रॅक नाइट इन अमेरिका’ हा संध्याकाळचा उपक्रम स्वस्त आणि आटोपशीर आहे, मात्र तिथे नवशिक्याच्या शेजारी प्रशिक्षक बसत नाही. म्हणूनच माझा आग्रह असतो की अगदी पहिल्या वेळी गाडीत प्रशिक्षक बसणारा वर्गच निवडावा. नोंदणीच्या पानावर ही बाब स्पष्ट लिहिलेली नसेल, तर आयोजकांना पत्र लिहून विचारून घ्यावी.

ट्रॅक निवडताना नावाच्या मोहात पडू नये. न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन हा १९५६ पासूनचा ट्रॅक आहे, तिथे १९६१ ते १९८० या काळात फॉर्म्युला वनची अमेरिकन ग्रां प्री झाली, आणि सेनेका सरोवराच्या वरच्या टेकडीवर गाडी चालवण्याची इच्छा कोणालाही व्हावी. परंतु तिथे बऱ्याच ठिकाणी निळे लोखंडी कठडे डांबराच्या अगदी जवळ आहेत आणि चुकीला जागा थोडी आहे. त्याऐवजी दक्षिण न्यू जर्सीतील मिलव्हिल गावाजवळचे न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क सपाट आणि मोकळे आहे. तिथे ‘थंडरबोल्ट’ आणि ‘लाइटनिंग’ असे दोन ट्रॅक आहेत आणि एडिसनच्या बाजूने ते दोन तासांच्या आत गाठता येते. पहिला वर्ग अशा ठिकाणी करावा आणि ग्लेनला दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी जावे.

शुल्क क्लबानुसार आणि ट्रॅकनुसार बदलते. नावाजलेल्या ट्रॅकवर दिवसाला काही शे डॉलर धरून चालावे. त्यात मुक्काम, पेट्रोल आणि झिजणारे टायर व ब्रेक यांचा खर्च मिळवावा. विम्याच्या बाबतीत मात्र अंदाजाने चालू नये. वाहनाच्या नेहमीच्या विमा करारात ट्रॅकवरचे नुकसान बहुतेक वेळा वगळलेले असते, आणि हे कलम कधी ‘शर्यत’ या शब्दाखाली तर कधी ‘चालक प्रशिक्षण’ या शब्दाखाली लिहिलेले असते. करारपत्र स्वतः वाचावे. एका कार्यक्रमापुरता वेगळा विमा मिळतो, त्याची किंमत गाडीच्या मूल्यावर ठरते. गाडी कर्जावर असेल, किंवा ती गमावणे घराला परवडणारे नसेल, तर हा विमा घेतल्याशिवाय ट्रॅकवर उतरू नये, असे माझे ठाम मत आहे.

गाडीची तयारी

नवशिक्याला वेगवान गाडीची गरज नसते. धडधाकट सेडान किंवा हॅचबॅक पुरेशी असते. कमी ताकदीच्या गाडीत चालकाला ब्रेक आणि वळण यांवर लक्ष देता येते. उंच एसयूव्ही गाड्यांना बहुतेक क्लब प्रवेश देत नाहीत, कारण त्या उलटण्याचा धोका जास्त असतो. उघड्या छताच्या गाड्यांना उलटल्यावर डोके वाचवणारी मजबूत चौकट असावी लागते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी अनेक ठिकाणी स्वतंत्र नियम आहेत, ते नोंदणीपूर्वी वाचावेत.

सर्वांत जास्त लक्ष ब्रेककडे द्यावे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी ६० मैलांवरून थांबताना ब्रेकना जेवढी उष्णता सोसावी लागते, त्याच्या चौपट उष्णता ताशी १२० मैलांवरून थांबताना सोसावी लागते, आणि ट्रॅकवर हे दर फेरीत अनेकदा घडते. ही उष्णता पॅडमधून (चाकाच्या डिस्कला घासून वेग उतरवणाऱ्या पट्टीतून) कॅलिपरमध्ये (पॅड दाबणाऱ्या भागात) आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतील दमटपणा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू हळूहळू खाली येतो. मानकानुसार डॉट ३ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो आणि पाणी शोषलेल्या ऑइलचा १४०. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पाय थेट तळाला जातो. रस्त्यावर वर्षानुवर्षे निमूट काम देणारे जुने ऑइल ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीतच दगा देऊ शकते. म्हणून वर्गाच्या आधी काही दिवसांत चांगल्या प्रतीचे डॉट ४ ऑइल भरून घ्यावे, पूर्ण जुने ऑइल काढून टाकावे, आणि गॅरेजवाल्याला गाडी ट्रॅकवर जाणार आहे हे स्पष्ट सांगावे. पॅड किमान अर्धे शिल्लक असावेत. दोन दिवसांत ते किती झिजतील याचा नवशिक्याला अंदाज नसतो, म्हणून नवीन पॅड टाकलेले केव्हाही बरे.

टायर चांगल्या खाचांचे, भेगा नसलेले असावेत. महागडे ट्रॅक टायर पहिल्या वर्षी घेऊ नयेत. साधा रस्त्याचा टायर पकड सुटण्यापूर्वी चित्कारतो आणि चालकाला वेळेवर सूचना देतो, तर जास्त चिकट टायर उशिरापर्यंत गप्प राहतो आणि मग एकदम सोडतो. शिकताना हा आवाज फार मोलाचा आहे. याखेरीज इंजिन ऑइल व कूलंट कुठे गळत नसावे, बॅटरी घट्ट बांधलेली असावी, मागचे ब्रेक लाइट लागत असावेत आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने नट कसणाऱ्या पान्याने) कंपनीने दिलेल्या मापाला कसलेले असावेत. क्लब तपासणीचा एक फॉर्म पाठवतो, तो मेकॅनिककडून भरून व सही करून घ्यावा लागतो. ही सही औपचारिकता समजून घेतली जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि ते मला अतिशय चुकीचे वाटते. मेकॅनिकने चाके काढून तपासणी केली का, हे स्वतः उभे राहून पाहावे.

हेल्मेट, कपडे आणि सामान

हेल्मेटवर स्नेल या हेल्मेटची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र लागते. ‘एसए’ मालिका मोटारींसाठी आहे आणि तिच्या चाचणीत आतील अस्तर आगीला किती टिकते हेही तपासतात. ‘एम’ मालिका मोटरसायकलसाठी आहे, तिच्यात ही चाचणी नसते. नवे मानक साधारण पाच वर्षांनी येते आणि बहुतेक क्लब अलीकडची दोन मानके स्वीकारतात. काही क्लब भाड्याने हेल्मेट देतात, ते पहिल्या वेळी पुरते. अंगावर सुती, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पँट घालावी. पातळ तळव्याचे, पूर्ण बंद बूट घालावेत, म्हणजे पायाला पेडलचा दाब नीट कळतो.

बरोबर भरपूर पाणी, हलके खाणे, टायरची हवा मोजण्याचे यंत्र, टॉर्क रेंच, एक लिटर इंजिन ऑइल, काच पुसायचे कापड आणि वही-पेन ठेवावे. उन्हाळ्यात पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या आवारात, सावली नसते, त्यामुळे घडीची खुर्ची आणि छत्री हवीच. आदल्या रात्री ट्रॅकजवळच मुक्काम करावा आणि लवकर झोपावे. ट्रॅकच्या नकाशावर वळणांची नावे पाहून ठेवावीत, परंतु संगणकावरील खेळात तो ट्रॅक शंभर वेळा चालवून आल्यास त्यातील ब्रेकच्या जागा डोक्यातून काढून टाकाव्यात; स्वतःच्या गाडीचे वजन, टायर आणि ट्रॅकचा चढ-उतार पडद्यावर अंगाला जाणवत नाहीत.

शनिवारची सकाळ

सकाळी सातच्या सुमारास फाटकावर जबाबदारीच्या पत्रावर सही होते, मनगटाला पट्टी बांधली जाते आणि गाडी तपासणीच्या रांगेत लागते. त्याआधी गाडी पूर्ण रिकामी करावी: पायाखालची सैल मॅट, कप्प्यातली नाणी, डिकीतले सामान, आरशाला लटकवलेली माळ, पाण्याची बाटली. ब्रेकच्या पेडलखाली घरंगळत गेलेली बाटली ताशी शंभर मैलांवर काय करील, याचा विचार केला की बाकीचे स्पष्टीकरण लागत नाही. डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती चिकटवलेली असेल, तर तीही काढून आदराने पेटीत ठेवावी, कारण गाडीतील कोणतीही सुटी होऊ शकणारी कठीण वस्तू अपघातात डोक्याच्या उंचीवर फेकली जाते.

त्यानंतर सर्व चालकांची सभा होते. ही सभा चुकवणाऱ्याला त्या दिवशी गाडी चालवू देत नाहीत. सभेत झेंड्यांचे अर्थ सांगतात, आणि ते लक्षपूर्वक ऐकावेत, कारण काही झेंड्यांचे नियम क्लबागणिक बदलतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा आणि कोणालाही ओलांडू नका; तो हलवला जात असेल तर धोका अगदी जवळ किंवा ट्रॅकवरच आहे. पिवळ्यावर उभे लाल पट्टे असलेला झेंडा ऑइल किंवा पडलेली वस्तू दाखवतो. निळ्यावर तिरका पिवळा पट्टा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे, तिला वाट द्या. काळा झेंडा आपल्याकडे रोखला तर शांतपणे पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, यावे, आणि झेंडे दाखवणाऱ्या सर्व चौक्यांवर काळा झेंडा असेल तर सगळ्यांनीच यावे. लाल झेंड्याबाबत काही क्लब ट्रॅकच्या कडेला, पुढच्या चौकीला दिसेल अशा जागी गाडी थांबवायला सांगतात, तर काही क्लब सावकाश पिटमध्ये यायला सांगतात. त्या दिवशीचा नियम कोणता, हे सभेतच पक्के करून घ्यावे. पांढऱ्या झेंड्याचा अर्थ येथे हळू चालणारे वाहन, बहुधा रुग्णवाहिका किंवा टोइंगची गाडी, ट्रॅकवर आहे असा असतो.

ओलांडण्याचा नियम नवशिक्यांच्या गटात अगदी कडक असतो. ठरवून दिलेल्या सरळ भागांतच, आणि पुढच्या चालकाने खिडकीतून हात बाहेर काढून खूण केल्यावरच ओलांडता येते. हात डावीकडे सरळ दाखवला तर मागच्याने डाव्या बाजूने जावे, आणि छतावरून उजवीकडे बोट दाखवले तर उजव्या बाजूने जावे. एका खुणेत एकच गाडी जाते; मागे तीन गाड्या असतील तर तीन वेळा खूण करावी लागते. भारतात जुन्या काळी गाडी शिकलेल्यांना हात बाहेर काढून इशारा करणे नवीन नाही, पण येथे फरक असा की खूण केल्यावर अॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलून मागच्याला पुढे जाऊ द्यायचे असते आणि आपली रेषा सोडायची नसते. अडवून धरण्याची सवय ट्रॅकवर सर्वांत आधी सोडावी. मागून आलेल्या गाडीला लवकर वाट दिली की पुढचा ट्रॅक पुन्हा मोकळा होतो आणि आरशातून नजर सुटते.

पहिली फेरी

प्रशिक्षकाशी भेट झाली की त्याला खरे सांगावे: आपण किती वर्षे गाडी चालवतो, गाडीत कोणते बदल केले आहेत, कशाची भीती वाटते, ऐकायला कमी येते का, पाठीचे दुखणे आहे का. पोटात गोळा येत असेल तर तेही सांगावे. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो; उजव्या आसनावर बसलेल्या प्रशिक्षकाच्या पायाशी ब्रेक नसतो. त्याच्याजवळ फक्त आवाज असतो आणि विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणावर तो विसंबून असतो.

आसन पुढे घ्यावे. बहुतेक लोक रस्त्यावर फार मागे, फार रेलून बसतात. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. हात नऊ आणि तीनच्या जागी ठेवावेत. चाक घसरण्यावर नियंत्रण ठेवणारी संगणकीय यंत्रणा सुरूच ठेवावी. ती बंद करण्याचा सल्ला देणाऱ्याचे पहिल्या वर्षी ऐकू नये.

पहिल्या दोन फेऱ्या टायर आणि ब्रेक गरम करण्यासाठी व ट्रॅक ओळखण्यासाठी असतात. त्यानंतर शिकायचा क्रम असा असतो: ब्रेक सरळ रेषेत पूर्ण करावा, मग स्टिअरिंग वळवावे, वळणाच्या आतल्या कडेला उशिरा टेकावे आणि बाहेर पडताना स्टिअरिंग जसजसे सरळ होईल तसतसा अॅक्सिलरेटर दाबत जावे. टायरजवळ पकड एकूण ठरावीक असते. ती ब्रेकसाठी वापरली तर वळण्यासाठी कमी उरते, आणि वळणात पूर्ण वापरली तर वेग वाढवायला काही उरत नाही. हे एकदा अंगवळणी पडले की उरलेल्या बहुतेक सूचनांचे कारण आपोआप कळते.

वॉटकिन्स ग्लेनच्या पहिल्या वळणावर हे सारे एका जागी दिसते. सुरुवातीच्या सरळ भागावरून गाडी वेगाने येते, रस्ता उताराला लागतो आणि उजवीकडे जवळपास काटकोनात वळतो. नवा विद्यार्थी तिथे ब्रेक लावतो, तेव्हा त्याची नजर गाडीच्या नाकापुढे वीस-तीस मीटरवर खिळलेली असते. उतारामुळे वेग हवा तितका कमी झालेला वाटत नाही, मन घाबरते आणि हात आपोआप लवकर वळतात. लवकर वळल्यामुळे गाडी आतल्या कडेला लवकर टेकते आणि वळण संपायच्या आतच बाहेरच्या कडेला ढकलली जाते. तिथे बाहेर डांबरी मोकळी जागा आहे, म्हणून बहुधा निभावते. मी अशा वेळी ब्रेकचा पाय विद्यार्थ्याच्या स्वाधीन ठेवतो आणि त्याला फक्त डोके उजवीकडे वळवून आतल्या कडेचा उशिराचा बिंदू शोधायला सांगतो. तो सापडला की लगेच बाहेर पडण्याची जागा पाहायला सांगतो. हातांबद्दल एक अक्षरही बोलत नाही. दोन-तीन फेऱ्यांत हात आपोआप उशिरा वळू लागतात, कारण माणूस जिकडे पाहतो तिकडे हात जातात. याचीच दुसरी बाजू अशी की कठड्याकडे पाहणारा चालक कठड्याकडेच जातो.

काही बिघडले तर

वळणात वेग जास्त वाटला म्हणून अॅक्सिलरेटर झटकन सोडणे किंवा ब्रेक दाबणे, ही सर्वांत घातक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. वजन एकदम पुढच्या चाकांवर जाते, मागची चाके हलकी होतात आणि गाडी फिरते. स्टिअरिंग स्थिर ठेवून पाय हळू उचलावा. गाडी तरीही फिरू लागली आणि आटोक्यात येत नाही असे दिसले, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून ठेवावेत. ऑटोमॅटिक गाडीत नुसता ब्रेक दाबावा. थांबेपर्यंत पाय उचलू नये, कारण मध्येच उचलल्यास गाडी अनपेक्षित दिशेने सुटते आणि मागून येणाऱ्यांना तिचा अंदाज लागत नाही.

दोन चाके डांबराबाहेर गवतात गेली तर ती तशीच जाऊ द्यावीत. स्टिअरिंग सरळ धरावे, वेग उतरू द्यावा आणि मग सावकाश परत यावे. घाईने आत ओढलेली गाडी डांबराची पकड मिळताच ट्रॅक आडवा ओलांडून समोरच्या बाजूला जाते, आणि गंभीर अपघात बहुधा त्या दुसऱ्या बाजूला होतात. बाहेर गेल्यावर चौकीवरच्या माणसाकडे पाहून परतायची परवानगी घ्यावी, आणि नियमाप्रमाणे पिटमध्ये येऊन गाडी तपासून घ्यावी.

सत्र संपताना

शेवटची फेरी ब्रेकचा कमीत कमी वापर करून सावकाश पूर्ण करावी, म्हणजे ब्रेक वाऱ्याने थंड होतात. पॅडॉकमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेले पॅड डिस्कवर दाबून ठेवल्यास तेथे डाग पडतात आणि पुढे ब्रेक थरथरतो. गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाला अडणी लावावी. लगेच टायरची हवा मोजावी. गरम टायरमध्ये ती सकाळपेक्षा सहज चार ते आठ पीएसआयने वाढलेली असते. किती ठेवायची हे प्रशिक्षकाला विचारून तेवढी कमी करावी, आणि घरी निघण्यापूर्वी पुन्हा रस्त्याच्या मापावर आणावी. चाकांचे नट दोन्ही दिवशी सकाळी आणि घरी निघताना टॉर्क रेंचने तपासावेत.

त्यानंतर पाणी प्यावे आणि वहीत लिहावे. किती वेगाने गेलो हे लिहू नये. कोणत्या वळणात नजर कुठे होती, कुठे उशीर झाला, प्रशिक्षक काय म्हणाले, एवढेच लिहावे. दुपारनंतर थकवा जाणवतो, पण आत्मविश्वास मात्र वाढलेला असतो, आणि ही जोडी धोकादायक आहे. रविवारचे शेवटचे सत्र सोडून देणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल मला नेहमी आदर वाटतो. परतीच्या वाटेवर पहिला अर्धा तास विशेष जपून चालवावे, कारण कानात अजून ट्रॅकचा वेग असतो आणि हायवेवर ताशी ६५ मैल फारच संथ वाटतात.

उजव्या आसनावर जायचे असेल तर

तीन-चार वर्षे नियमित चालवल्यावर काहींना शिकवावेसे वाटते, आणि क्लबांनाही प्रशिक्षकांची कायम गरज असते. बहुतेक ठिकाणी प्रशिक्षकाला मोबदला म्हणून आपल्या गटात विनाशुल्क गाडी चालवायला मिळते. मात्र केवळ फुकट चालवायला मिळते म्हणून ही जबाबदारी घेऊ नये. दोन विद्यार्थी आणि स्वतःची सत्रे धरली, तर दिवसात आठ-दहा वेळा पट्टा बांधावा लागतो, जेवायला जेमतेम वेळ मिळतो आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या हातात आपला जीव असतो. मोटरस्पोर्ट सेफ्टी फाउंडेशनने प्रशिक्षकांसाठी अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र तयार केले आहे आणि अनेक क्लब ते मान्य करतात. त्याचबरोबर क्लबातील ज्येष्ठ प्रशिक्षकाला विद्यार्थ्याच्या जागी बसवून सराव घेतला जातो.

शिकवण्यातली पहिली गोष्ट म्हणजे बोलण्याची वेळ. ताशी शंभर मैलांवर गाडी सेकंदाला सुमारे ४५ मीटर जाते. सूचना उच्चारायला एक सेकंद, समजायला एक सेकंद आणि पायाने हालचाल करायला अर्धा सेकंद धरला, तर शंभर मीटर निघून गेलेले असतात. म्हणून सूचना वळणाच्या कितीतरी आधी, एका-दोन शब्दांत द्यावी, आणि ते शब्द गाडी उभी असतानाच विद्यार्थ्याबरोबर ठरवून घ्यावेत. मराठी विद्यार्थी असला की मी विचारतो की घाईच्या क्षणी त्याला कोणत्या भाषेतला शब्द पटकन कळतो. काहींना ‘ब्रेक’ आणि ‘वर बघ’ असे मिश्रण सोयीचे पडते. ‘नको’ने सुरू होणारी सूचना देऊ नये, कारण काय करायचे हे तिच्यातून कळत नाही.

एका सत्रात एकच गोष्ट सुधारावी. विद्यार्थ्याच्या दहा चुका दिसतात आणि त्या सगळ्या सांगाव्याशा वाटतात, परंतु त्याच्या डोक्यात त्या क्षणी जागा फार थोडी असते. मी पहिल्या सत्रात फक्त नजरेवर बोलतो, दुसऱ्यात ब्रेक कसा हळूहळू सोडायचा यावर, आणि वेगाबद्दल शनिवारी बहुधा बोलतच नाही. आवाज सदैव एकसारखा ठेवावा. प्रशिक्षक ओरडला की विद्यार्थ्याचे हात आखडतात. विद्यार्थी ऐकत नसेल, तर त्याला पुढच्या संधीला पिटमध्ये यायला सांगावे, गाडी थांबवून शांतपणे बोलावे, आणि तरीही सुधारणा दिसली नाही तर मुख्य प्रशिक्षकाला कळवून गाडीतून उतरावे. विद्यार्थ्याने तीच फेरी आरामात, टायर न चित्कारता, तीन वेळा एकसारखी काढली, तरच वेग थोडा वाढू द्यावा.

सत्रानंतर लगेच पॅडॉकमध्ये दहा मिनिटे बोलावे. आधी विद्यार्थ्याला विचारावे की त्याला काय जाणवले, मग एक चांगली गोष्ट आणि एक सुधारायची गोष्ट सांगावी. रविवारी संध्याकाळी मूल्यमापनाचा कागद भरावा लागतो, आणि तो घाईत भरू नये, कारण पुढच्या वर्गात अनोळखी प्रशिक्षक तोच कागद वाचून त्या विद्यार्थ्याच्या शेजारी बसणार असतो. ‘चांगला चालक’ एवढेच लिहिल्याने त्याला काही कळत नाही. ‘पाचव्या वळणात ब्रेक सोडताना पाय झटकन उचलतो, थकल्यावर नजर खाली येते, सूचना लगेच ऐकतो, अजून दोन वर्ग प्रशिक्षकाबरोबर हवेत’ असे लिहावे, आणि तो कागद विद्यार्थ्याला स्वतः वाचून दाखवून मगच मुख्य प्रशिक्षकाकडे द्यावा.